फाटकावरचे यंत्र आणि पाचवे शील



वंदना घेताना मी एक गोष्ट अनेकदा पाहिली आहे. पहिली चार शीले सगळेजण सारख्याच आवाजात म्हणतात. पाचवे शील आले की आयाबायांचा आवाज एकदम चढतो. पुरुष मात्र थोडे खाली पाहून म्हणतात. हे असे का, ते तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या घरात पगाराच्या दिवशी चूल पेटेल की नाही हे गुत्त्यावरून ठरत होते, त्या घरातील बाईला पाचव्या शीलाचा अर्थ कोणत्याही भाष्यकारापेक्षा अधिक कळतो. माझ्या आईला तो कळला होता. तिला अक्षरओळख नव्हती, आणि मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. तरीही या विषयात तीच माझी शिक्षिका होती.

म्हणून जेव्हा नगरजवळच्या एका कारखान्याने फाटकावर श्वास तपासण्याचे यंत्र बसवले, तेव्हा आमच्या वस्तीत पहिली प्रतिक्रिया आनंदाची झाली. महिला मंडळाच्या बायका म्हणाल्या, "बरं झालं. आता कुणी पिऊन जाईल कसा?" मीही तसेच म्हणालो. त्या आनंदाचे पुढे काय झाले ते आज मला तुमच्यापुढे मांडायचे आहे. कारखान्याचे नाव मी देत नाही, कारण प्रश्न एका कारखान्याचा नाही.

आमचे नाना, म्हणजे माझे चुलते, त्या कारखान्यात ठेकेदाराकडून माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतात. वीस वर्षे ते प्यायले. त्याबद्दल मी काही झाकून ठेवत नाही, तेही ठेवत नाहीत. तीन वर्षांपूर्वी अशोक विजयादशमीला त्यांनी त्रिशरण-पंचशील घेतले, बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा म्हटल्या आणि त्या दिवसापासून दारू सोडली. कशी सोडली ते चुलतीलाच ठाऊक. पहिले दोन महिने त्यांचे हात थरथरत, रात्री झोप लागत नसे. गेल्या पावसाळ्यात त्यांना खोकला झाला. बाजारात मिळणाऱ्या द्राक्षारिष्टाची बाटली त्यांनी आणली होती. सकाळी एस.टी.तून उतरल्यावर फाटकाबाहेरच त्यांनी झाकणभर औषध घेतले आणि रांगेत उभे राहिले. यंत्राने आवाज केला.

रखवालदाराने त्यांना बाजूला उभे केले. पुन्हा फुंकायला सांगितले नाही. काय घेतलेस, हे विचारले नाही. खिशातली बाटली त्यांनी काढून दाखवली, तर तिचाच पुरावा झाला. फाटकाशेजारच्या फळ्यावर खडूने नाव लिहिले आणि पुढे एकच शब्द : दारू. तीन दिवस कामावर घेतले नाही. त्या फळ्यापुढून आमच्या वस्तीतली चौदा माणसे रोज आत जातात. संध्याकाळपर्यंत वस्तीत बोलणे सुरू झाले, "बौद्ध झाला, पण सुटली नाही."

रात्री नाना माझ्याकडे आले. म्हणाले, "महं नाव फळ्यावर लिवलं रे. म्या औषध घेतलं व्हतं." आता मी तुम्हाला माझी लाज सांगतो. ते बोलत असताना मी हळूच त्यांच्याजवळ सरकलो. वास येतो का, ते पाहायला. नानांच्या ते लक्षात आले. ते बोलायचे थांबले आणि उठून गेले.

त्या रात्रीपासून मी या प्रश्नावर विचार करतो आहे. माणसाच्या तोंडाची तपासणी करण्याचा अधिकार दुसऱ्याला कधी पोहोचतो? कोणत्या अटीवर पोहोचतो? आणि आपण बौद्ध माणसांनी त्याकडे कसे पाहावे?

प्रथम हे मान्य करूया की असा अधिकार कधी कधी पोहोचतोच. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिचे वडील सायकलवरून येत होते आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरखाली गेले. ट्रॅक्टरवाला प्यालेला होता. आपल्या जिल्ह्यात हंगामात रस्त्यावर कशा ट्रॉल्या धावतात ते तुम्ही जाणता. पाठीमागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाचे वजन होते, परंतु तो आणणाऱ्याच्या श्वासाची चौकशी तेथे कोणी केली नव्हती. त्या मुलीपुढे उभे राहून "तपासणी हा माणसाचा अपमान आहे" असे वाक्य मला उच्चारता येणार नाही.

पाचव्या शीलाकडे जरा बारकाईने पाहा. इतर चार शीलांत आपण फक्त एखाद्या कृत्यापासून दूर राहण्याचे वचन देतो : हत्या, चोरी, व्यभिचार, असत्य. पाचव्या शीलात दूर का राहायचे याचे कारणही आपण उच्चारतो. सुरा, मेरय, मद्य ही प्रमादाची स्थाने आहेत म्हणून. हा 'प्रमाद' शब्द महत्त्वाचा आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, गाफीलपणा, आपण काय करतो आहोत याचे भान सुटणे. दारूचा थेंब अपवित्र आहे, त्याच्या स्पर्शाने माणूस विटाळतो, असे येथे म्हटलेले नाही. विटाळाची भाषा आपण मागे टाकून आलो आहोत, ती दारूच्या निमित्ताने परत घरात घेऊ नये. येथे म्हटले आहे ते एवढेच की भान सुटलेला माणूस उरलेली चारही शीले मोडू शकतो.

हे एकदा ध्यानात आले की तपासणी कोठे योग्य ते आपोआप दिसू लागते. ज्याच्या भानावर दुसऱ्याचा जीव टांगलेला आहे त्याची तपासणी व्हावी : एस.टी.चा चालक, रेल्वेचे इंजिन चालवणारा, विमानाचा वैमानिक, बॉयलरवर बसणारा, क्रेन चालवणारा. पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून निघाली ती आपल्याच नगरला आली. तेव्हापासून आजपर्यंत आपण मुलाबाळांसह डोळे मिटून त्या गाडीत बसतो ते चालकाच्या भानावर विश्वास ठेवून. आगारात त्याने यंत्रात फुंकर मारली तर त्यात त्याची बेअब्रू नाही. तो विश्वासाचा हिशेब आहे.

कायद्याने हा हिशेब आकड्यांत मांडला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वैमानिकाला तर ३० चीही सूट नाही. त्याच्या श्वासात काहीही आढळता कामा नये आणि उड्डाणाआधी बारा तास त्याने मद्य घ्यायचे नाही.

हे बारा तास कशासाठी, याचे एक गणित मी आठवीच्या वर्गात घालतो. तुमच्या घरातील तरुणालाही घाला. शरीर रक्तातले अल्कोहोल सरासरीने ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपास कमी करते. एका माणसाच्या रक्तात मध्यरात्री १५० मिलिग्रॅम आहे. तो झोपला. सकाळी सहाला उठून आंघोळ केली, चहा घेतला, कपडे बदलले. त्याच्या रक्तात किती उरले? सहा तासांत ९० गेले, ६० उरले. म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट. त्याला वाटते आपण शुद्धीवर आहोत, बायकोलाही तसेच वाटते. "रात्रीची गोष्ट रात्री गेली" असे आपल्याकडे म्हणतात, परंतु रक्त तसे म्हणत नाही. लिंबूपाणी, ताक, गार पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही.

येथपर्यंत यंत्राची बाजू झाली. आता यंत्र नेमके काय मोजते ते पाहू. श्वासाचे यंत्र त्या क्षणी तोंडातून बाहेर पडणाऱ्या हवेतील अल्कोहोल मोजते. ती हवा फुप्फुसाच्या तळातून आली असेल तर तिचे रक्ताशी नाते असते. पण आत्ताच कोणी चूळ भरण्याचे औषध वापरले असेल किंवा आसव-अरिष्ट घेतले असेल, तर तोंडातच अल्कोहोल असते. आसवे आणि अरिष्टे आंबवूनच तयार होतात, त्यांत अल्कोहोल आपोआप येते. हे तोंडातले अल्कोहोल पंधरा-वीस मिनिटांत उडून जाते. म्हणून नियम साधा आहे : पहिल्यांदा आवाज झाला तर माणसाला बसवा, वीस मिनिटे काही खाऊपिऊ देऊ नका, मग पुन्हा तपासा. नानांना हवी होती ती एवढीच वीस मिनिटे.

केरळात २०२५ साली घडलेली गोष्ट वर्तमानपत्रांत आली होती. पंदळम येथील सरकारी बस आगारात सकाळच्या तपासणीत चालकांच्या श्वासात अल्कोहोल निघाले. त्यांनी शपथेवर सांगितले की आम्ही प्यायलो नाही. शोध घेतला तेव्हा कळले की सर्वांनी पिकलेला फणस खाल्ला होता. मग ज्याचा श्वास स्वच्छ निघाला होता अशा एकाला तोच फणस खायला देऊन पुन्हा यंत्रापुढे उभे केले. यंत्राने आवाज केला! त्या आगारातील अधिकाऱ्यांचे मला कौतुक वाटते. त्यांनी माणसावर नाही, फणसावर प्रयोग केला.

लघवीच्या तपासणीची गोष्ट आणखी अवघड आहे. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. ते अफूच्याच कुळातले, तपासणीत अफू म्हणूनच दिसते. आपल्या अनारशांवरची खसखस अफूच्याच बोंडातली. ती भरपूर खाल्ली तरी लघवीत अंश सापडू शकतो. म्हणूनच अमेरिकेत सरकारी तपासणीसाठी अफूवर्गाची मर्यादा १९९८ साली ३०० नॅनोग्रॅमवरून एकदम २,००० वर न्यावी लागली. गांजाचे तर असे आहे की रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो सोडल्यावरही कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे सापडतो. म्हणजे श्वासाचे यंत्र "हा आत्ता भानावर आहे काय" याचे निदान थोडेफार उत्तर देते, तर लघवीची बाटली "हा मागच्या पंधरवड्यात कोठे होता" याचे उत्तर देते. पहिला प्रश्न विचारण्याचा मालकाला अधिकार आहे. दुसरा प्रश्न विचारण्याचा आहे काय? कामगाराचे आठ तास त्याने विकत घेतले आहेत, उरलेल्या सोळा तासांची किंमत त्याने मोजलेली नाही. सोळा तासांचा हिशेब मला माझ्या शीलाला द्यायचा आहे, चुलतीला द्यायचा आहे, मुलांना द्यायचा आहे.

बाहेरच्या जगाने या अडचणींवर काही मार्ग काढले आहेत. अमेरिकेत ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँडमध्ये दोन गाड्यांची टक्कर होऊन १६ माणसे मेली. इंजिनावरच्या माणसांनी गांजा ओढला होता. त्यानंतर तेथे तपासणीची मोठी लाट आली. पण लाटेबरोबर नियमही आले. १९८८ साली सरकारने ठरवून दिले की एकाच तपासणीवर कोणाला दोषी धरायचे नाही, दुसरी निराळ्या पद्धतीची खात्रीची तपासणी झालीच पाहिजे, नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद राहिली पाहिजे आणि मालकाला कळवण्याआधी एका डॉक्टरने त्या माणसाशी बोलले पाहिजे की बाबा, तू कोणते औषध घेतोस? आपल्याकडे विमान वाहतुकीत ३१ जानेवारी २०२२ पासून मादक द्रव्यांच्या तपासणीचे जे नियम लागू झाले त्यांतही प्राथमिक तपासणी वेगळी आणि खात्रीची वेगळी आहे, आणि प्रथमच दोषी आढळणाऱ्याला व्यसनमुक्तीसाठी पाठवण्याची सोय आहे.

म्हणजे पाहा, वैमानिकाला दुसरी तपासणी आहे, उपचार आहे, परत येण्याची वाट आहे. नानांना खडू आणि फळा आहे. ठेकेदाराच्या मजुराच्या तपासणीला कोणता नियम लागू होतो? पिऊन कामावर येणे ही गैरवर्तणूक, हे १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यापासून आपल्या कामगार कायद्यात रुजलेले आहे. पण प्यालेला कोणाला म्हणायचे, यंत्र कोणते, ते किती दिवसांनी तपासून घ्यायचे, दुसरी संधी कशी द्यायची, याची सर्व कारखान्यांना बांधणारी नियमावली आपल्याकडे नाही. जे फाटकावर उभे असेल ते प्रमाण. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९७१ सालीच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सांगितले आहे की तोंडाचा वास, लडखडणारी चाल आणि असंबद्ध बोलणे एवढ्यावरून माणूस प्यालेला होता हे पक्के सिद्ध होत नाही. मी नानांच्या जवळ सरकलो तेव्हा न्यायालयाने जे करू नये म्हटले तेच करीत होतो.

आता आपल्या परंपरेतील एक गोष्ट सांगतो. भिक्षूंना मद्यपानाची बंदी कशी झाली ती कथा विनयपिटकात आहे. सागत नावाचा एक स्थविर होता. आंबतित्थ नावाच्या ठिकाणी लोकांना त्रास देणाऱ्या एका नागाला त्याने नमवले होते, म्हणून त्याची मोठी कीर्ती झाली. कोसंबीच्या उपासकांनी त्याच्या सन्मानासाठी घरोघर उंची मद्य तयार ठेवले. भिक्षेला निघालेला सागत प्रत्येक घरी थोडे थोडे प्यायला आणि नगराबाहेर पडताना वेशीच्या दारातच कोसळला. तथागत तेथे आले. त्यांनी काय केले असेल? त्यांनी भिक्षूंना सांगून त्याला उचलून विहारात आणवले. भिक्षूंनी त्याचे डोके तथागतांकडे करून निजवले, तो वळला आणि पाय तथागतांकडे केले. तेव्हा त्यांनी भिक्षूंना विचारले : पूर्वी हा माझा आदर राखत होता ना? आता राखतो आहे काय? ज्याने नागाला नमवले तो आता पाण्यातल्या सापडीशी तरी झुंजू शकेल काय? भिक्षू म्हणाले, नाही. मग नियम घातला.

या कथेत मला तीन गोष्टी दिसतात आणि त्या तिन्ही फाटकावरच्या यंत्राला लागू पडतात. वेशीत पडलेल्या माणसाला तेथेच ठेवून लोकांना दाखवले नाही, आधी उचलून आत नेले. दुसरे, प्रश्न विचारला तो "किती प्यायला" असा नाही, "आता त्याच्याने काय होईल" असा. म्हणजे मोजमाप भानाचे. तिसरे, विनयाच्या पद्धतीप्रमाणे ज्याच्यामुळे नियम झाला त्या पहिल्या माणसाला दोष लागत नाही, कारण त्याने केले तेव्हा नियम नव्हता. आणि एक बारीक गोष्ट मला अलीकडेच वाचनात सापडली, तेव्हा मी हातातले पुस्तक घेऊन तसाच नानांच्या घरी गेलो. त्याच नियमाखाली सूट कशाला आहे ते सांगितले आहे. मद्याचा रंग, वास, चव असूनही जे मद्य नाही ते पिण्यात दोष नाही, आणि सूट दिलेल्या पदार्थांत मादक नसलेल्या अरिष्टाचे नाव स्पष्ट आहे. नाना त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसले.

विनयात आणखी एक दंडक आहे. ज्याच्यावर आरोप आहे तो समोर असल्याशिवाय आणि त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय संघाने त्याच्याविरुद्ध निर्णय करायचा नाही. आपण ज्या धम्मात आलो त्याचे हे न्यायशास्त्र आहे. आपल्या पूर्वजांना चावडीवर कधी म्हणणे मांडू दिले होते काय? चोरी झाली की महारवाड्यात शोध, हे ज्यांनी पिढ्यान्पिढ्या सोसले त्यांना फळ्यावरचा खडू काय असतो ते शिकवावे लागत नाही.

आपल्याच जिल्ह्यातील एका प्रसिद्ध गावाचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने पाणी अडवले, माती अडवली, गाव उभे केले. ते मोठे काम आहे आणि मी शाळेची सहल तेथे नेली आहे. त्याच गावात दारू सोडवण्यासाठी पिणाऱ्याला खांबाला बांधून मारण्याची शिक्षा होती, हे अण्णा हजारे यांनी स्वतः सांगितले आहे. आईच मुलाला मारते, अशी त्याची बाजू मांडली जाते. अनेकांना ती पटते, आमच्या वस्तीतही पटते. मला पटत नाही. आई मुलाला मारते ती घरात, आणि रात्री त्याच्या अंगावरून हात फिरवते. खांब गावाच्या मधोमध असतो. आणि खांबाला बांधून मारण्याची प्रथा ज्या देशात आहे तेथे त्या खांबाला शेवटी कोणाची पाठ अधिक वेळा लागते याचा अनुभव आपल्याला आहे. दारू सुटली तरी भीती राहते, आणि भीतीने सुटलेली दारू खांब हलला की परत येते. सागताला उचलणारे हात मला खांबापेक्षा अधिक शहाणे वाटतात.

परंतु तुमच्यापैकी एखादी भगिनी म्हणेल, "गुरुजी, तुम्हाला मार बसला नाही म्हणून तुम्ही असं बोलता." हे खरे आहे. चुलतीने नानांचा मार वीस वर्षे खाल्ला. तिला मी हे सगळे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "फळा तेव्हा पाहिजे व्हता, आता कशाला?" माझ्याकडे तिच्या या बोलण्याला पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणता येते की तेव्हा फळा असता तर नानांची रोजी गेली असती, आणि रोजी गेलेला नाना रात्री कोणावर राग काढता, हेही तिलाच ठाऊक आहे.

आता एक प्रश्न जो फाटकावर कोणी विचारत नाही. प्रमाद फक्त दारूने होतो काय? सलग सोळा तास गाडी हाकणारा चालक, दोन पाळ्या ओढणारा मजूर, तापात कामावर आलेला माणूस, यांचे भान शाबूत असते काय? २५ जानेवारी २०१२ रोजी पुण्यात स्वारगेट आगारातून एका चालकाने एस.टी. बाहेर काढली आणि ९ माणसांना चिरडले. खटल्यात वाद दारूचा झाला नाही, त्याच्या मनाच्या अवस्थेचा झाला. त्याने ड्यूटी बदलून मागितली होती. असा माणूस श्वासाच्या यंत्राला सापडत नाही. १९४६ साली कारखान्यांचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ करण्याची दुरुस्ती आली, तेव्हा मजूरमंत्री बाबासाहेब होते. आपण तिच्याकडे फक्त मजुरीचा प्रश्न म्हणून पाहतो. मी तिच्याकडे अप्रमादाचा कायदा म्हणूनही पाहतो. थकलेल्या माणसाला यंत्रापुढे उभे करून "हा प्यालेला नाही" असा शिक्का मारायचा आणि त्याला पुन्हा बारा तास जुंपायचे, ही सुरक्षितता कोणाची?

आणि आपल्या जिल्ह्यात तर आणखी एक विचित्र गोष्ट आहे. येथे साखर कारखाने आहेत, अनेकांना जोडून डिस्टिलऱ्या आहेत. पाथर्डी-शेवगावकडचा माणूस कोयता घेऊन ऊस तोडतो, उसाची साखर होते, उरलेल्या मळीपासून अल्कोहोल होते. त्यातले काही पेट्रोलात मिसळते, काही औषधात जाते, काही बाटलीत भरून त्याच माणसाच्या गावात परत येते. सरकार त्यावर उत्पादन शुल्क घेते. फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत नगर तालुक्यातील पांगरमलला विषारी दारू वाटली गेली आणि माणसे मेली, ते तर बेकायदा होते. पण जे कायदेशीर आहे त्याचे काय? उपासकाने कोणते पाच व्यापार करू नयेत ते तथागतांनी सांगितले आहे : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. पिणाऱ्याची तपासणी करणारे यंत्र स्वस्त आहे. विकणाऱ्याची तपासणी करणारे यंत्र कोणी बसवत नाही.

या सगळ्यावर विचार करून आम्ही चौदाजणांच्या सह्यांचा एक अर्ज लिहिला. मजकूर माझा, पण पहिली सही नानांची. तपासणी बंद करा, असे आम्ही म्हटले नाही. म्हटले ते असे : आवाज झाला तर वीस मिनिटांनी दुसरी तपासणी करा आणि तरीही संशय असेल तर डॉक्टरकडे पाठवा. माणूस काय सांगतो ते कागदावर लिहून घ्या. फळा काढा, निकाल ज्याचा त्याला सांगा. यंत्र केव्हा तपासले त्याची तारीख त्यावर चिकटवा. खरोखर प्यालेला निघाला तर त्या दिवशी घरी पाठवा, पण नाव कायमचे काढण्याआधी व्यसनमुक्तीसाठी मुदत द्या. आणि शेवटचे : साहेब लोकांच्या मोटारी ज्या दुसऱ्या फाटकातून आत जातात त्या फाटकावरही यंत्र बसवा.

महिला मंडळातल्या बायकांना हा अर्ज वाचून दाखवला तेव्हा आधी त्या गप्प राहिल्या. मग एकीने विचारले, "म्हंजी तुम्ही बेवड्यांना वाचवताय का?" मी म्हणालो, "ताई, जो प्यायलेला आहे त्याला यंत्र दोनदा पकडेल. जो प्यायलेला नाही त्याला एकदाच पकडेल." त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी त्यांनीही खाली आपले अंगठे आणि सह्या दिल्या, आणि आणखी एक मागणी पेनाने जोडली, की पगार गुत्त्याच्या वाटेवर रोख न वाटता बँकेत जमा करावा. ती मागणी माझ्या डोक्यात आली नव्हती.

व्यवस्थापक साहेबांनी आम्हाला बसायला सांगितले, चहा दिला, अर्ज वाचला. दुसऱ्या तपासणीला ते लगेच कबूल झाले. फळा त्याच आठवड्यात उतरला. यंत्राच्या तारखेबद्दल रखवालदाराला बोलावून विचारले तर त्याला ती माहीत नव्हती, तेव्हा साहेबांनाही थोडे अवघड वाटले. व्यसनमुक्तीच्या मुदतीबद्दल वरच्या कचेरीला विचारावे लागेल, असे म्हणाले. पगाराचे ठेकेदाराशी बोलतो म्हणाले. दुसऱ्या फाटकाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिले.

नाना आता रोज रांगेत उभे राहून फुंकर मारतात. द्राक्षारिष्ट सोडले आहे, चुलती घरी अडुळशाचा काढा करून देते. मी त्यांच्याजवळ सरकलो होतो त्याबद्दल आमच्यात पुन्हा बोलणे झालेले नाही. त्या तीन दिवसांची मजुरी ठेकेदाराने अजून दिलेली नाही. येत्या सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघे त्याच्याकडे पुन्हा जाणार आहोत.